पिवळ्या पाटीवरचा समुद्र

पहिला दिवस : वसई ते चोपडा

दिवाळीला माहेरी गेलं नाही तरी आई समजून घेते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेलं नाही तर पुढे महिनाभर फोनवर ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’ एवढंच ऐकू येतं. म्हणून पेपरांचे गठ्ठे तपासून दिले आणि त्याच रात्री गाडीत बसले. वसईहून सुरतमार्गे खान्देशात शिरणारी ही वाट मला मनमाडच्या वाटेपेक्षा आवडते. गर्दी तशीच, पण निम्म्या डब्यात अहिराणी ऐकू येते. सुरतेत कामाला असलेली माणसं उधन्याला चढतात आणि बसायच्या आत शेंगदाण्यांची पिशवी उघडतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा ध्रुवीय बर्फ आणि समुद्राची पातळी हा धडा शिकवताना एका मुलानं विचारलं होतं, “मॅडम, नक्की किती वाढणार ते सांगा ना.” मी पट्टा सांगितला, अमुक ते तमुक. त्यानं वहीत दोन्ही आकडे लिहिले, त्यांची सरासरी काढली आणि तिच्याभोवती चौकट आखली. ती चौकट डोक्यातून जात नव्हती. त्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पावसाळ्यात दोन-तीनदा पाणी येतं. मोठी भरती आणि मोठी सर एका वेळी आली की जिन्याच्या दोन पायऱ्या दिसेनाशा होतात. मिठागरं बुजली, नाले अरुंद झाले, हा त्यातला मोठा दोष. पण ज्या समुद्रात ते नाले रिकामे व्हायचे तोही आता पूर्वीच्या जागी नाही.

पहाटे नंदुरबारला जाग आली. खिडकीसमोर स्टेशनची पिवळी पाटी होती आणि नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची. वसईच्या खाडीकाठच्या आकड्यापासून गाडी रातोरात दोनशेच्या घरात चढली होती. लहानपणी ही उंची वाचून मला वाटायचं, खाली कुठेतरी समुद्राला एक खिळा ठोकलेला असणार आणि तिथून सगळं मोजत असतील. खरंच तसं काहीसं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागानं १८५८ पासून १९०९ पर्यंत देशभर उंचीची मोजणी केली. नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी घेऊन सरासरी काढली, तो आपला शून्य. मुंबईचं अपोलो बंदर त्या नवांतलं एक, तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

खिळा ठोकला, पण समुद्र सरकला. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. म्हणजे नंदुरबारची पाटी वीतभर खोटी बोलते. (जगाची सरासरी एका स्टेशनाला अशी चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याचे मी गुण कापीन. पण सकाळी सहाला, चहाच्या आधी, एवढं चालतं.)

दोंडाईचा, शिंदखेडा, मग अमळनेर. उतरून एसटी पकडली. तापीच्या पुलावर कंडक्टरनं खिडक्या लावून घ्या म्हणून सांगितलं, कारण वारा नव्हे, झळ आत येत होती. पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त. घरी पोचले तर आई दारातच, “कितली सुकी गयी व माय!” माझं वजन गेल्या आखाजीपेक्षा चार किलोनं वाढलेलं आहे.

दुसरा दिवस : आखाजी

ज्यांना आखाजी म्हणजे फक्त अक्षय्य तृतीया आणि सोन्याची खरेदी असं वाटतं, त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे हा लेकींचा सण. निंबाला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. आणि पितरांसाठी घागर भरतात. नवी कोरी घागर, तिच्यावर खरबूज, म्हणजे आमच्या भाषेत डांगर, आणि सांजोऱ्या. घागरीखाली आमचे दादा, म्हणजे वडील, मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची. घागर पाझरते, ढेकळं भिजतात. जे जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त.

दादांचं वय ऐंशीला टेकलं. ते उकिडवे बसून ढेकळं चाचपत होते. पहिलं कोरडं, दुसरं आणि तिसरं ओलं, चौथं अर्धवट. “भादव्यात बरा राही,” त्यांनी निकाल दिला. मग माझ्याकडे वळून डोळे मिचकावले, “तुना खातानं काय म्हननं शे?”

‘माझं खातं’ म्हणजे हवामान खातं. भूगोल शिकवते म्हणून ते माझ्या मालकीचं. मी सांगितलं की खातं दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत सांगतं. देशाची ही सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि ९६ ते १०४ टक्के पडला तर तो सर्वसाधारण. एप्रिलात जो अंदाज येतो त्याला अधिक-उणे ५ टक्क्यांचं शेपूट असतं. मेअखेरच्या सुधारित अंदाजात ते ४ वर येतं.

“म्हंजे खाताले बी माहीत नही,” दादा.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, भेंडवळला, आखाजीलाच घटमांडणी होते. घटातल्या धान्यांवरून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात, देशाचा राजा टिकेल का तेही सांगतात. तिथल्या भाकिताला शेपूट नसतं. दादांना ते फार आवडतं. दर वर्षी ते ऐकतात, मान डोलावतात.

पण दादा पेरतात कसं ते मी चाळीस वर्षं बघते आहे. भेंडवळनं काही सांगो, ढेकूळ काही सांगो, बियाण्याची एक पिशवी ते कोठीत बाजूला ठेवून देतात. दुबार पेरणीसाठी. सगळं रान कपाशीखाली कधी घालत नाहीत, थोडी ज्वारी, थोडा उडीद-मूग असतोच. एकदाही त्यांनी ‘पाऊस नक्की किती ते कळेपर्यंत पेरत नाही’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. आणि भाकितं चुकतात म्हणून पिशवीही कधी विकलेली नाही.

दुपारी आमरसाच्या वाट्या मोकळ्या झाल्यावर ओट्यावर सगळे पसरले. भाऊनं विचारलं, “ताई, तो समुद्राचा काय आकडा?” मी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालातले आकडे सांगितले. इ.स. २१०० पर्यंत, या शतकाच्या सुरुवातीच्या पातळीच्या तुलनेत, जगानं धूर झपाट्यानं कमी केला तर २८ ते ५५ सेंटिमीटर. धूर ओकतच राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटरच्या किंचित वर. आणि त्याखाली एक अवघडलेलं वाक्य आहे. ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या बर्फाच्या चादरींचं वागणं नीट उमगलेलं नाही, तेव्हा २ मीटरच्या जवळपास जाणंही नाकारता येत नाही.

“अठ्ठावीस सेंटिमीटर आणि दोन मीटर?” भाऊ उठून बसला. “बाजार समितीत असा भाव कोणी सांगितला तर लोक हाकलून देतील.”

“त्यातला अर्धा घोळ तुझा-माझा आहे,” मी म्हटलं. “माणसं किती कोळसा-तेल जाळतील हे शास्त्रज्ञाला कसं ठाऊक? ते त्यानं गृहीत धरून वेगवेगळे रकाने केले. उरलेला घोळ बर्फाचा.”

दादा बाजेवरून म्हणाले, “तुना समुद्र आठे थोडाच येई.” आणि कूस बदलली. संध्याकाळी मी झोक्यावर बसले. दोर करकरला. चार किलो.

तिसरा दिवस : बर्फाची लादी

पारा ४४ वर. सकाळीच भाची मागे लागली, चोपड्याला रसवंतीवर जाऊ. ती आठवीत आहे, माझ्याच वळणावर गेलेली, प्रश्न संपत नाहीत. बाजारात हातगाडीवर तागाच्या पोत्याखाली, भुशात गुंडाळलेली बर्फाची कमरेएवढी लादी होती. गाडीवाले काका टोच्यानं तुकडे पाडून रसवंत्यांना देत होते. आम्ही रस पीत सावलीला उभ्या राहिलो आणि मी त्यांना सहज विचारलं, एवढ्या उन्हात लादी किती वेळ टिकते?

“पोतं असलं तर दुपार काढते,” ते म्हणाले. “झिजते त्याचा हिशेब मला येतो ताई, रोजचंच आहे. इतक्या वाजता इतकी राहील, सांगून देतो. तड गेली की मग नाही येत.” आणि त्यांनी दाखवण्यासाठी टोच्या एका रेघेवर टेकवला. दोन हलके ठोके. तिसऱ्याला लादीचा कोपरा आख्खाच्या आख्खा सुटून गाडीवर आदळला.

मी वर्गात अर्धा तास खर्चून जे सांगते ते काकांनी तीन ठोक्यांत उरकलं.

घरी येऊन भाचीला प्रयोग करून दाखवला. दोन स्टीलचे पेले, दोन्ही काठोकाठ. एकात बर्फाचा खडा तरंगत सोडून मग पाणी काठाला आणलं. दुसऱ्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवली आणि खडा तिच्यात. आम्ही दोघी ओट्यावर पालथ्या पडून बघत बसलो. पहिल्यातला खडा विरघळला, एक थेंब बाहेर आला नाही. दुसऱ्याचं पाणी काठावरून ओघळलं आणि वहिनीनं वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांपर्यंत, म्हणजे आमच्या बिबड्यांपर्यंत गेलं. त्यावरून जे बोलणं खाल्लं ते वेगळं.

पहिला पेला म्हणजे उत्तर ध्रुव. तिथे जमीन नाही, समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासून सलग आहेत, आणि तेव्हापासून तिथला सप्टेंबरातला बर्फ दर दशकाला साधारण १२ टक्क्यांनी घटतो आहे. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, तो नीचांक. तो वितळल्यानं समुद्र जवळपास वाढत नाही. (खाऱ्या-गोड्या पाण्याच्या घनतेमुळे किंचित फरक पडतो, भाचीनं ते विचारलंच.) पण पांढरं छप्पर उडालं की काळं पाणी ऊन पितं आणि सगळीच हवा तापते. गाळणी म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, तिथला बर्फ जमिनीवर बसलेला आहे. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर ५८ मीटर.

“सगळा वितळेल?”

नाही, शेकडो-हजारो वर्षांच्या गोष्टी आहेत त्या. पण चालू हिशेबही लहान नाही. ३६० अब्ज टन बर्फ वितळला की समुद्र एक मिलिमीटर चढतो. ग्रीनलंड दर वर्षी अडीचशे अब्ज टनांच्या वर गमावतं. हे वजन करतात कसं, ते मला आजही जादूसारखं वाटतं. २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले, एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली बर्फाचा डोंगर आला की पुढचा जरा जास्त ओढला जातो, दोघांतलं अंतर केसाच्याही अंशानं बदलतं. तेवढ्यावरून बर्फाचं वजन.

आता तड. २००२ सालीच अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला चिकटलेला लार्सन-बी हा तरंगता बर्फपट्टा महिनाभरात फुटून गेला. ३,२५० चौरस किलोमीटर. तो तरंगताच होता, म्हणजे पहिल्या पेल्यातला, त्यानं समुद्र वाढला नाही. पण तो दाराला लावलेल्या अडसरासारखा होता. अडसर गेला आणि त्यामागच्या जमिनीवरच्या हिमनद्या समुद्राकडे जोरात सरकू लागल्या. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स म्हणून हिमनदी आहे, सुमारे १२० किलोमीटर रुंद. तिचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आत जावं तसा आणखी खोल होत जातो. कोमट समुद्र तिच्या पोटाखाली शिरतो आहे. ती एकटी गेली तर ६५ सेंटिमीटर.

केव्हा जाईल? झीज मोजता येते, तड मोजता येत नाही. २००७ च्या अहवालात समितीनं प्रामाणिकपणे लिहिलं की बर्फ वेगानं सरकण्याचा भाग आम्ही धरलेला नाही, आणि आकडा दिला १८ ते ५९ सेंटिमीटर. लोकांनी ५९ हेच छत समजून घर बांधलं. २०१६ मध्ये बर्फाचे उंच कडे आपल्याच वजनानं कोसळतात असं गणित मांडलं गेलं, त्यानं एकट्या अंटार्क्टिकाचे मीटरभर निघाले. पुढे त्याच गटानं तो आकडा उतरवला. माझे एक सहकारी हे असं वर-खाली झालं की खूश होतात, “बघा, यांचंच ठरत नाही.” त्यांना मी गाडीवाल्या काकांकडे पाठवणार आहे. काका रोज हिशेबानं धंदा करतात, आणि तड जाईल त्या दिवसासाठी गाडीखाली आणखी एक पोतं ठेवतात.

एक गोष्ट ऐकून दादासुद्धा पेल्याजवळ आले. बर्फाच्या एवढ्या मोठ्या ढिगाला स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं, तो समुद्राला आपल्याकडे ओढून धरतो. ग्रीनलंडचा बर्फ गेला की ग्रीनलंडजवळचा समुद्र उलट खाली जातो आणि पाणी दूरच्या किनाऱ्यांवर चढतं. पश्चिम अंटार्क्टिकाचा गेला तर आपल्या हिंदी महासागराच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येतं. दादा म्हणाले, म्हणजे भाऊबंदकीच. वाटणीत दूरच्यालाच गाळ येतो.

भाचीला आपली माणसं अंटार्क्टिकात आहेत का हे हवं होतं. आहेत. १९८९ पासून मैत्री हे ठाणं, २०१२ पासून भारती. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री ठाणं बर्फातच गाडलं गेलं. हे तिला सगळ्यात आवडलं.

चौथा दिवस : केळी

पहाटे पाचला भाऊबरोबर मळ्यात. नंतर उभं राहवत नाही. रानाच्या कडेनं शेवरी, पश्चिमेला हिरवी जाळी, तरी झळ आत शिरतेच. एप्रिल-मेच्या वाऱ्यात घड सटकतात, आणि एक सटकलेला घड म्हणजे वर्षाची मेहनत दांड्याशी मोडून पडलेली. हवामानावर आधारित विमा आहे, पारा ठराविक अंशांच्या वर सलग ठराविक दिवस राहिला तर पैसे. भाऊचं म्हणणं, “केळीला पहिल्याच दिवशी कळतं, विम्याला पाचव्या दिवशी.”

पाणी बोअरचं. दादांच्या लहानपणी याच रानात विहिरीवर मोट चालायची. नंतर विहिरीत आडवे बोअर, मग उभे, मग आणखी खोल. सातपुड्याच्या पायथ्याची ही पट्टी दगड-गोट्यांची, पाणी पिणारी. पण पिते त्याहून जास्त आपण उपसतो. यावल-रावेरची गोष्ट चोपड्यापेक्षा बिकट आहे.

ठिबकच्या नळीवर बसून मी भाऊला म्हटलं, हे तुझं पाणी शेवटी जातं कुठे माहीत आहे? पान उडवतं, ढग होतो, पाऊस होतो, नदीतून समुद्रात. जमिनीखाली हजारो वर्षं पडून होतं ते वर काढलं की समुद्राच्या खात्यात जमा. २०२३ च्या एका अभ्यासानं १९९३ ते २०१० या काळातल्या जगभरच्या उपशाचा हिशेब लावला. २,१५० अब्ज टन पाणी, समुद्राला सहा मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ. आणि एवढं वजन इकडचं तिकडे गेल्यानं पृथ्वीचा फिरण्याचा अक्ष कलला, ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला. त्यातला मोठा हात वायव्य भारताच्या आणि पश्चिम अमेरिकेच्या उपशाचा.

“म्हणजे मी केळी लावून वसई बुडवतो?”

“आणि उत्तर ध्रुव हलवतोस.”

“मग आपल्या पट्टीच्या अनुदानाच्या अर्जात लिहायला पाहिजे.”

खरं तर समुद्राच्या खातेवहीत हा किरकोळ खर्च आहे. १९७१ ते २०१८ मधली निम्मी वाढ नुसतं पाणी तापून फुगल्यानं झाली. हिमनद्यांचे २२ टक्के, दोन मोठ्या चादरींचे २०, आणि जमिनीवरच्या पाण्याची उलाढाल उरलेले ८. उलट बाजूला धरणं पाणी अडवून थोडी जमा दाखवतात. आपल्या हतनूरचे ४१ दरवाजे बंद असतात तेव्हा समुद्रही तेवढ्यापुरता थोडा खाली असतो, असं म्हणायला हरकत नाही. चिंता त्या २० टक्क्यांची आहे. चादरींची घट १९९० च्या दशकापेक्षा २०१० च्या दशकात चौपट झाली. फुगण्याचं गणित पक्कं येतं, त्यात दादांच्या घागरीइतकीसुद्धा अनिश्चितता नाही. घोळ आहे तो नेमका वाढणाऱ्या रकान्यात.

संध्याकाळी भाचीच्या हट्टापायी उनपदेवला गेलो. ४४ अंशांत गरम पाण्याचा झरा बघायला जाणाऱ्या कुटुंबाबद्दल जास्त लिहीत नाही. रात्री वीज नव्हती. गच्चीवर कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा.

पाचवा दिवस : पाटणादेवी

भाऊला चाळीसगावला काम होतं. त्याच्या जीपमधून एरंडोल, भडगाव करत गेलो. चाळीसगावच्या पुढे पाटणादेवीला डोंगर जवळ येतात, सावली लागते, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मी घाम पुसणं विसरले. देऊळ हेमाडपंती, भोवती गौताळ्याचं जंगल, या दिवसांत पानगळीनं उघडं.

इथे मला यायचं होतं ते भास्कराचार्यांसाठी. फलकावर, वाटाड्याच्या तोंडी, सगळीकडे ते इथलेच आहेत. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, त्यात वाद नाही. गावाचं नाव त्यांनी विज्जलविड दिलं, सह्याद्रीच्या कुशीतलं. ते विज्जलविड म्हणजे हेच पाटण का, यावर विद्वानांचं आजही जमत नाही, कोणी ते बीडकडे नेतं, कोणी विजापूरकडे. पण इथे सापडलेला शिलालेख शके ११२८ चा आहे आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याला दान मिळालं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

जन्मगाव सिद्ध होत नाही, म्हणून ‘मग भास्कराचार्य झालेच नाहीत’ असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. बर्फाच्या बाबतीत असे रोज भेटतात.

त्यांच्या हाती दारूगोळा शास्त्रज्ञांनीही दिला आहे, हेही कबूल करायला हवं. २००७ च्याच अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं वाक्य शिरलं. कच्चा आधार, कोणी नीट तपासलं नाही. जानेवारी २०१० मध्ये समितीला ते मागे घ्यावं लागलं. त्याच सुमाराला काही जण म्हणत होते की २०१३ च्या उन्हाळ्यात उत्तर ध्रुवावर बर्फ राहणार नाही. राहिला. आणि दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्री बर्फानं तर सगळ्यांची फजिती केली. तो २०१४ पर्यंत चक्क वाढत होता, त्या वर्षी त्यानं उच्चांक केला. ‘पाहा, वितळतंय कुठे’ म्हणणाऱ्यांची चंगळ झाली. २०१६ पासून तो असा घसरला की २०२३ च्या फेब्रुवारीत नोंदींतला नीचांक. वाढ का झाली यावर वाद चालूच होता, तोवर घसरण का झाली याचा वाद सुरू झाला.

भाऊ म्हणाला, “चुकतात मग.” चुकतात. पण २०३५ ची चूक काढली ती हिमनद्यांवर काम करणाऱ्यांनीच. आणि हे लक्षात ठेव म्हटलं, की चुका एकाच बाजूला होत नाहीत. ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बाबतीत जुने अंदाज सावध निघाले, बर्फ त्यांच्या पुढे गेला.

परतताना टायर पंक्चर. दीड तास एका निंबाखाली. पंक्चरवाल्याला भाऊनं किती वेळ लागेल विचारलं. तो म्हणाला, “अर्धा तास, नाहीतर मग संध्याकाळ.”

सहावा दिवस : परत

दादांनी ढेकळं शेतात नेऊन फोडली. मला डांगराच्या बिया, दोन किलो उडदाची डाळ आणि वाचलेल्या बिबड्या. चोपडा, शिरपूर, शहादा, अशी एसटी. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा डिसेंबरातली, आता तिथे नुसती धूळ. प्रकाशाला अर्धा तास उतरले. तापी आणि गोमाईचा संगम, घाट, देवळं, लोक दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ मध्ये इथल्या पांढरीच्या टेकाडात खोदलं तेव्हा खाली ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर निघाले. तीन हजारांहून जास्त वर्षं माणसं याच नदीच्या उशाला घर बांधत, पुरात गमावत, पुन्हा थोडं वर बांधत आली. बॅरेजमागे पाणी होतं. हे पाणी पुढे उकाईत आणि तिथून सुरतेला.

सुरत माझ्या मावशीची. लिंबायतला चाळीस वर्षं. २००६ च्या ऑगस्टात तापीचा पूर आला, वरून नदी आणि खालून समुद्राची भरती, तेव्हा ती तीन दिवस शेजारच्या गच्चीवर होती. तिच्या घरात पंख्याच्या पात्यांवर चिखल सुकला होता. खंबातच्या आखाताची भरती तशीही अचाट, आणि आता ती चढत्या समुद्रावर बसून येणार.

नंदुरबारहून संध्याकाळची गाडी. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, बाकसुद्धा दोन राज्यांत विभागलेला. मी गाडीत असतानाच मावसभावाचा फोन आला. तो फ्लॅट घेतोय, नवी इमारत, लिफ्ट नाही. “ताई, तू तर यातली आहेस. कितवा मजला घेऊ?”

मी त्याला सगळं सांगितलं. २८, ५५, एक मीटर, दोनाची शक्यता. २००६ च्या पाण्याची खूण. हप्ते वीस वर्षांचे, इमारत साठ वर्षांची, म्हणजे हिशेब कुठल्या सालापर्यंत धरायचा ते. तो हुं हुं करत होता. शेवटी मी म्हटलं, तिसरा घे.

उधन्याला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तो मावशीला घेऊन आला होता. मावशीनं खिडकीतून डबा आत दिला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

“तिसरा म्हने! मना गुडघा कोन चढी?”

“मावशी, पाणी...”

“पानी इतलं बी येवाव नही आनि गुडघा इतला बी सुधराव नही. दुसरा.”

गाडी हलली. तो बाजूनं चालत विचारत होता, “ताई, दुसरा चालेल ना?” मी हातानं पट्ट्याची खूण केली, इतकं ते इतकं, आणि त्याला ती भलत्याच उंचीची वाटली असावी, कारण त्यानं मान डोलावून वर, तिसऱ्या मजल्याच्या अंदाजानं, बोट दाखवलं. डब्यात शेवभाजी होती.